सेनबेईतलं पाणी

एका बशीत एक सेनबेई ठेवा. जपानी तांदळाची ही भाजलेली चकती, तळहाताएवढी, तपकिरी, वरून किंचित चकाकणारी. हाताशी नसेल तर मनातल्या बशीत ठेवा, या बैठकीला तेवढं पुरेल. जमिनीवर बसा किंवा खुर्चीवर, पाठ ताठ पण खांदे सैल. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. आणि अजून खाऊ नका.

आपल्याला आज एकाच गोष्टीचा माग काढायचा आहे: या चकतीतल्या पाण्याचा. इतक्या कोरड्या पदार्थात पाणी कुठून शोधायचं, असं वाटेल. पण सेनबेई करणाऱ्याचं सगळं कसब पाण्याशीच चाललेलं असतं. किती घालायचं, किती काढायचं, थोडंसं कुठे राखून ठेवायचं, आणि काढलेलं पुन्हा आत शिरू नये म्हणून काय करायचं. जपानी घरांत, कचेऱ्यांत, देवळांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हा साधा खाऊ इतका रुजला, त्याचं मूळ मला या एका गोष्टीत दिसतं.

आधी नुसतं पाहा. घाई नाही. रंग सगळीकडे सारखा नाही. पृष्ठभागावर उथळ फुगवटे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर विस्तवाचे गडद डाग. दोन फुगवट्यांमधल्या खोलगट जागी सोया सॉस साचून सुकला आहे, तिथे रंग जवळजवळ काळा. कडेला एक फिकट रेघ, तिथे ब्रश नीट पोचला नसावा. कारखान्यात झालेल्या सेनबेईंचे डाग एकमेकींशी जुळतात, हाताने भाजलेल्या दोन सेनबेईंचे कधीच जुळत नाहीत.

आता नखाने टिचकी मारा. आवाज कोरडा आणि उंच आहे. हातात घ्या. दिसते तितकी ती जड नाही. आत हवेच्या पोकळ्या आहेत. भट्टीवर असताना त्या पोकळ्यांमध्ये वाफ होती, आणि वाफेच्या आधी पाणी.

डोळे मिटा आणि मागे चला, मे-जूनमधल्या भातखाचरापर्यंत. पाण्यात आभाळ दिसतंय, रोपं अजून बोटभर. जपानात आता लावणी यंत्राने होते, तरी खाचरातलं पाणी तसंच भरावं लागतं, बांध तसाच राखावा लागतो. या रोपाने सारा उन्हाळा पायाशी पाणी ठेवून दाणा भरला. काही काळ त्या पाण्यात उभे राहा. घोट्यापर्यंत गारवा, बोटांमध्ये चिखल.

त्या खाचरात उरुची जातीचा तांदूळ आहे, म्हणजे जपानी माणूस रोज भात करून खातो तोच. सेनबेई उरुचीची होते. जपानात दुसराही एक तांदूळ पिकतो, मोची, शिजल्यावर चिकट आणि लांबणारा. त्याच्यापासून ओकाकी आणि अरारे करतात. ओकाकी जरा मोठे तुकडे, अरारे अगदी बारके. ही तिन्ही भावंडं दुकानात एकाच फळीवर असतात, आणि घरोघरी तिन्ही एकाच डब्यात पडतात. दातांना मात्र फरक लगेच कळतो. उरुची टणक राहते आणि मोडताना प्रतिकार करते. मोची जास्त फुलते आणि तोंडात लवकर विरघळते.

तांदूळ सडल्यावर कोंडा निघतो, आणि त्याचीही सोय आहे. नारा शहरात मोकळी फिरणारी हरणं माणसांपुढे मान लववून जी सेनबेई मागतात, ती तांदळाचा कोंडा आणि पीठ यांची असते. साखर नाही, मीठ नाही. चवडीभोवतीची कागदी पट्टीसुद्धा हरणाच्या पोटात गेली तरी बाधणार नाही अशी केलेली असते. ही सेनबेई माणसांसाठी नाही, पण तिच्या विक्रीतला वाटा हरणांच्या देखभालीला जातो, म्हणून ती ज्यांची आहे त्यांच्याच कामी येते.

आपण आपल्या तांदळाकडे परत येऊ. तो धुतात, निथळतात आणि दळतात. पीठ वाफेवर शिजवतात. मग ती गरम उकड मळून, कांडून एकजीव करतात, थोडी निववतात, लाटतात आणि तिच्या गोल चकत्या कापतात. या क्षणी चकती मऊ, पांढरी, ओलसर आहे. बोट लावलं तर ठसा उमटतो. भट्टीवर हिला आत्ताच टाकलं तर बाहेरून करपेल आणि आतून चिवट राहील.

म्हणून वाळवण. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर पापड्या आणि कुरडया घातलेल्या माणसाला इथे फारसं सांगावं लागणार नाही. वरून सुकलेली पापडी आत ओली असू शकते, आणि घाईने सुकवली तर तडकते. ओलावा आतून बाहेर यायला त्याचा वेळ घेतो, वरचं ऊन कितीही कडक असलं तरी. पूर्वी सेनबेईच्या चकत्या उन्हात मांडून वाळवत. आता बहुतेक ठिकाणी हे काम गरम हवेच्या खोल्यांत होतं, क्वचित कुणी अजून उन्हावर विसंबतो. पद्धत बदलली तरी जाणकाराची नजर तिथेच लागलेली असते: पूर्ण कोरडी होऊ द्यायची नाही. थोडं पाणी आत राखून ठेवायचं. तेच पाणी पुढे विस्तवावर वाफ होऊन चकतीला फुलवणार आहे. सगळं काढून टाकलं तर चकती फुलतच नाही, दगडासारखी राहते.

इथे थोडं थांबू. हाताची पाठ ओठांजवळ आणा आणि हळूच श्वास सोडा. त्वचेवर एक उबदार ओल जाणवेल, लगेच विरूनही जाईल. प्रत्येक श्वासाबरोबर शरीरातलं थोडं पाणी असंच बाहेर जात असतं, आपण ते मोजत नाही. चार-पाच श्वास असेच सोडा. मग पुढे जाऊ.

भट्टी. टोकियोच्या उत्तरेला, साइतामा प्रांतात सोका नावाचं शहर आहे. सेनबेईचं नाव काढलं की जपानी माणसाला बहुधा हेच गाव आठवतं. तिथल्या जुन्या पद्धतीने भाजणाऱ्याच्या समोर मनाने बसा. खाली निखारे, वर जाळी. वाळलेल्या चकत्या आधी उबेला ठेवून कोमट केलेल्या आहेत, कारण थंड चकतीला एकदम आच लागली तर ती तडकते. आता एकेक चकती जाळीवर येते. काही सेकंदांतच तिच्या अंगावर फोड उठू लागतात. आत राखलेलं पाणी जागं झालं आहे. चकती फुगते, वाकते, एका बाजूला उचलली जाते.

भाजणाऱ्याच्या हातात मूठ असलेला एक जड दाबा आहे. त्याला ओशिगावारा म्हणतात. त्याने तो चकती दाबतो, उलटतो, पुन्हा दाबतो, पुन्हा उलटतो. दाब कमी पडला तर चकती वेडीवाकडी फुगून एकीकडे करपते. जास्त पडला तर वाफेला जागा मिळत नाही आणि चकती घट्ट बसते. हे उलटणं किती वेळा होतं ते मोजायला जाऊ नका, त्या हाताकडे नुसतं बघत राहा. तो एका चकतीवर थांबत नाही, पण एकीलाही विसरत नाही. कडेची पहिली चकती उलटेपर्यंत मधली दाबायला आलेली असते. बोलणं जवळजवळ नसतं. मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच: वाफेला पूर्ण मोकळं सोडायचं नाही, कोंडायचंही नाही, आणि हे प्रत्येक चकतीपाशी नव्याने ठरवायचं.

मग ब्रश. गरम चकतीवर सोया सॉस फिरतो आणि चर्र आवाज येतो. काढलेलं पाणी सॉसच्या रूपाने पुन्हा वर आलं. तेही सुकवावं लागतं. सॉस आटतो, मीठ आणि भाजका वास मागे राहतो. हा वास फार दूर जातो. टोकियोतल्या असाकुसाच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत सेनबेईचं दुकान दिसण्याआधी त्याचा वास येतो.

सोकाच्या सेनबेईची एक दंतकथा आहे. ओसेन नावाची म्हातारी हमरस्त्यावर चहाचं दुकान चालवत होती आणि उकडीचे गोळे, म्हणजे दांगो, विकत होती. दिवसाअखेरी उरलेले गोळे ती टाकून द्यायची. एका वाटसरू सामुराईने तिला सांगितलं, टाकू नकोस, चपटे कर, उन्हात वाळव आणि भाजून वीक. गोष्ट नंतर रचलेली असावी, आणि ती इतिहास म्हणून कुणी सांगत नाही. पण रस्ता खरा आहे. एदो, म्हणजे आजचं टोकियो, तिथून निक्कोला जाणारा तो महामार्ग. सोका ही त्यावरची दुसरी मुक्कामाची पेठ, १६३० साली वसलेली. कवी बाशो १६८९ मध्ये उत्तरेच्या लांबच्या पायी प्रवासाला निघाला, तेव्हाच्या त्याच्या प्रवासवर्णनात पहिल्या मुक्कामाला याच गावाचं नाव आहे. चालणाऱ्या माणसाला झोळीत ठेवता येईल, नासणार नाही, ओझं होणार नाही असा खाऊ लागतो. ज्यातून पाणी काढलं आहे तोच पदार्थ वाट चालू शकतो.

आणि सोया सॉस? तो जवळच्या नोदा गावाहून आला. एदो नदीवरून नोदाचे सोया सॉसचे पिंप होड्यांनी राजधानीला जात. किक्कोमान हे नाव आपल्याकडच्या मोठ्या दुकानांतही दिसतं, ती कंपनी मूळची याच गावची. आधी आसपासच्या खेड्यांत उकड वाळवून मिठाबरोबर भाजून खात, मिठाची जागा पुढे सॉसने घेतली. म्हणजे तुमच्या बशीतल्या तपकिरी रंगात एक नदीही आहे.

आता सेनबेई मोडा. दोन्ही हातांनी, छातीजवळ धरून. आवाज ऐका आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबा.

या आवाजामुळे सेनबेई चोरून खाता येत नाही. शेजारच्या खोलीत कळतं की कुणीतरी डबा उघडला. जपानी घरात चहाबरोबर द्यायच्या खाऊला एक ठरलेली जागा आहे, आणि सेनबेई तिथली जुनी मानकरी. पाहुणा आला, हिरवा चहा किंवा भाजक्या पानांचा होजिचा पुढे ठेवला, की शेजारी लाकडी वाडग्यात सेनबेई येते. कचेरीत कुणी गावाहून परतलं की एकेक वेगळी गुंडाळलेली सेनबेई प्रत्येकाच्या टेबलावर ठेवून जातं. पुष्कळ जण ती वेष्टनातच दाबून मोडतात, चुरा सांडू नये म्हणून.

वयाचीही अट नाही. अजून रांगणाऱ्या बाळासाठी तोंडात लगेच विरघळणारी पांढरी, हलकी सेनबेई मिळते. पुष्कळ मुलांचा तो पहिला विकतचा खाऊ. टणक सोयावाली तरुण दातांसाठी, नोरी म्हणजे सुकवलेलं समुद्री शेवाळ गुंडाळलेली, तीळ लावलेली, भरड साखरेची, आल्याच्या पाकातली ज्याच्या त्याच्या आवडीची. दात गेल्यावर मऊ प्रकार आहेत. मला स्वतःला साधी सोयावालीच हवी, तिच्यात तांदूळ लपत नाही.

सुखाच्या दिवसांत ती जाते तशी दुःखाच्याही. उन्हाळ्याच्या आणि वर्षअखेरीच्या भेटींत सेनबेईचे डबे घरोघर फिरतात. आलेला डबा कितीतरी घरांत आधी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवतात, मग उघडतात. कुणी गेल्यावर लोक त्या घरी पैशांचं पाकीट देतात, आणि घरचे काही दिवसांनी परत भेट पाठवतात. ही भेट संपून जाणारी असावी असा संकेत आहे: चहा, नोरी, सेनबेई. भांडं किंवा शोभेची वस्तू दिली तर ती घरात राहते आणि दुःखाची आठवण करून देत राहते. खाल्लेली सेनबेई मागे काही ठेवत नाही. या प्रथेपाशी जरा रेंगाळा. तुमच्या ओळखीचं एखादं गेलेलं माणूस आठवलं तर आठवू द्या. हातातला तुकडा तसाच धरून ठेवा.

ओकाकीचा उगम तर सणानंतरच्या उरलेल्या मोचीतच आहे. नवीन वर्षाला जपानी घरांत कागामी मोची मांडतात, चिकट तांदळाचे दोन गोल गोळे एकावर एक. त्या काळच्या कोरड्या थंडीत ते पार टणक होतात, त्यांना भेगा पडतात. टोकियोच्या बाजूला बहुतेक ठिकाणी ११ जानेवारीला ते फोडतात. सुरी लावत नाहीत, सामुराई घराण्यांत ते अशुभ मानत. लाकडी हातोडीने किंवा हातानेच तुकडे करतात. मोठे तुकडे गोड लाल चवळीच्या सुपात जातात, बारके वाळवून तळतात किंवा भाजतात. देवापुढे वाळलेलं अन्न असं कुरकुरीत होऊन मुलांच्या हातात येतं. ३ मार्चला, मुलींच्या बाहुल्यांच्या सणाला, अराऱ्यांचा मान. टोकियोकडे ते गोड आणि गुलाबी, हिरवे, पांढरे, ओसाका-क्योतोकडे गोलसर आणि सोया-मिठाचे. इवलेसे अरारे ओचाझुकेवरही पडतात, म्हणजे भातावर गरम चहा ओतून खातात त्यावर. चहा लागताच ते मऊ पडू लागतात, म्हणून पहिले दोन घास पटकन घ्यावे लागतात.

पाणी दाराशीच उभं असतं. जूनमध्ये जपानात पावसाळा लागतो, हवा ओलीचिंब होते, आणि डब्याचं झाकण जरा सैल राहिलं की सेनबेई सादळते. म्हणून पत्र्याचे घट्ट डबे, म्हणून प्रत्येक सेनबेईला स्वतंत्र वेष्टन, म्हणून आत ओलावा शोषणारी पुडी. खाचरापासून भट्टीपर्यंत मेहनतीने काढलेलं पाणी एका दुपारी परत येऊ शकतं. सादळलेली सेनबेई हातात घेतली की टिचकीला आवाज येत नाही, मोडायला गेलं तर ती वाकते. तव्यावर मंद आचेवर पुन्हा भाजली तर बरीचशी सुधारते.

आणि मग चोशी आहे, जिथे त्याच पाण्याला बोलावून आत घेतात. टोकियोच्या पूर्वेला समुद्राला टेकलेलं हे गाव सोया सॉसचं. हिगेता १६१६ पासून आणि यामासा १६४५ पासून इथे सॉस करतात. इथली नुरे-सेनबेई, म्हणजे भिजकी सेनबेई, भट्टीवरून उतरताच गरम असतानाच सॉसमध्ये बुडवतात. पोकळ्यांतली वाफ निवते आणि सॉस आत ओढला जातो. सेनबेई मऊ, चामट, खूप खारट-गोडसर होते आणि दातांना सावकाश चघळावी लागते. कुरकुरीतपणावर जीव असणाऱ्यांना ही पहिल्या घासाला चुकीची वाटते. दुसऱ्या घासाला त्यांना कळतं की आत इतका सॉस मावला तो आधीच्या कोरडेपणामुळेच.

चोशीत एक छोटी रेल्वे आहे, फक्त ६.४ किलोमीटरची. प्रवासी घटत गेले तशी या कंपनीने १९९५ मध्ये नुरे-सेनबेई विकायला सुरुवात केली. २००६ मध्ये आधीच्या व्यवस्थापनातला अपहार बाहेर आला, कर्ज आणि अनुदान अडलं, आणि गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीलाही पैसे उरले नाहीत. तेव्हा कंपनीने लोकांना उघड सांगितलं: आमची सेनबेई विकत घ्या, आम्हाला गाड्यांच्या दुरुस्तीचे पैसे मिळवायचे आहेत. देशभरातून इतक्या मागण्या आल्या की पुरवता येईनात. तपासणी झाली, गाडी चालत राहिली. अजूनही कंपनीला तिकिटांपेक्षा खाऊच्या विक्रीतून जास्त मिळतं. अनोळखी माणसांनी कधी न बसलेल्या गाडीसाठी सेनबेई मागवली, याचा विचार करताना मला नेहमी बरं वाटतं.

आता तुमच्या हातातला तुकडा तोंडात ठेवा. चावू नका. आधी मीठ येतं, मग भाजका कडवटपणा. थोडा वेळ काहीच होत नाही. मग जिभेवरचं पाणी त्या पोकळ्यांत शिरू लागतं. कडा मऊ पडतात. लाळ तांदळातल्या पिठाची साखर करू लागते आणि मागून एक फिकट गोडी येते. तो भात आहे. भिजलेला, वाळलेला, भाजलेला, पुन्हा ओलावलेला. आता चावा आणि तो आवाज डोक्याच्या आतून ऐका. गिळून झाल्यावर चहाचा एक घोट घ्या.

भारतात हे सगळं करून पाहायचं तर साधा मार्गही आहे. सेनबेईच्याच कुळातला चंद्रकोरीच्या आकाराचा बारका प्रकार म्हणजे काकी नो ताने. नागाओकामधल्या नानिवाया या दुकानाने १९२४ मध्ये तो काढला. कापायचा धातूचा साचा पायाखाली चेपला गेला आणि तुकडे वाकडे निघाले, गिऱ्हाइकांना तोच आकार आवडला, असं सांगतात. त्या धर्तीचे तांदळाचे तुकडे शेंगदाण्यांसकट 'करी करी' या नावाने नीगाताच्या कामेदा कंपनीने एका भारतीय तांदूळ कंपनीबरोबर आपल्याकडे आणले.

बशीत आता दुसरी सेनबेई ठेवा, आणि ही अशी खाऊ नका. जपानात कुणी अशी खात नाही. घरातल्यांना हाक मारा, डबा मध्ये ठेवा, कुणाच्या परीक्षेचं, कुणाच्या गुडघ्याचं, उद्याच्या भाजीचं बोला, आणि बोलता बोलता खा. डब्याचं झाकण मात्र शेवटी घेईल त्याने लावायचं.